गणपाच्या वकीलबाई

पिंजऱ्यात उभ्या असलेल्या गणपाने सवयीने रणपिसेबाईंना हात जोडले. मागच्या दरोड्याच्या खटल्यातून याच बाईंनी त्याला सोडवलं होतं. आता त्या वरिष्ठ सरकारी वकील झाल्या होत्या आणि नव्या दरोड्यात त्याच्याच विरुद्ध उभ्या होत्या. आपलं कोण नि परकं कोण, गणपाला उमजेना.

त्याचे नवे वकील दादासाहेब गरजले, “महाराज, याच बाई इथेच याला निर्दोष म्हणाल्या होत्या! त्या खोटं तेव्हा बोलल्या की आता?”

बाई उठून उभ्या राहिल्या.

“तेव्हा मी सरकारला एकच म्हणत होते, पुरावा आणा,” बाई म्हणाल्या. “सरकारला काही तो आणता येईना. शेवटी सरकारने ते काम माझ्याच गळ्यात घातलं. आज आणलाय!”

न्यायाधीशही हसले. आपल्या बाईंनी बाजी मारली म्हणून गणपानेही खुशीत मान डोलावली, आणि मग त्याला दरदरून घाम फुटला.