वाकडा बांध आणि मालूचा डावा हात

धोंडेवडगावचा बांध बघायला आलात की आधी त्याची मुरड डोळ्यांत भरते. या काठच्या खडकापासून सरळ निघालेली भिंत ओढ्याच्या मध्यावर एकदम वरच्या अंगाला वळते, आणि वळली तिथून पुढे सगळी पाझरते. देवळाच्या पायरीवरचे म्हातारे सांगतील की गावदेवी येमाईने वरच्या अंगाला पाऊल टाकलं म्हणून भिंत वाकली. ते हात जोडून सांगतात, पाहुणेही हात जोडतात. मी जोडत नाही. पाहुण्यांची पाठ वळली की हेच म्हातारे आपापसात दुसरी गोष्ट सांगतात. ती ही.

फार पूर्वी मालू पाथरवट नावाचा कारागीर बायकोमुलांसह गावात आला म्हणे. करार देवळात झाला. पंचांनी आणि मालूने बेलभंडार उचलून शपथ घेतली. मालूने खडकापासून खडकापर्यंत सरळ भिंत बांधायची, आणि गावाने ओढ्याकाठचा माळ त्याला घरासाठी कायमचा द्यायचा. जन्मभर पालं ठोकून राहिलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं? त्याची बायको चिमा तर भिंत उठायच्या आधीच माळावर चूल घालून बसली, असं सांगतात.

भिंत अर्धी झाली तेव्हा सुभानजी पाटलाच्या ध्यानात आलं की बांध सरळ पडला तर साठलेलं पाणी आपल्या आमराईत शिरणार. त्याने मालूला एकट्याला गाठून भिंत वर वळवायला सांगितली, म्हणजे आमराई बांधाच्या खाली कोरडी राहील. मालू म्हणाला, तिकडे खडक नाही, नुसता मुरूम आहे, पाणी धरणार नाही. पाटील म्हणाला, नाही धरलं तर मी बसलोय ना.

इथे मालू चुकला. कामात बदल झाला की पुन्हा देवळात जायचं, पुन्हा बेलभंडार उचलायचा, ही त्याच्या लोकांची रीत होती. पण पाटलाच्या शब्दाला साक्षीदार मागायची त्याला लाज वाटली. मोठ्यांपुढे मान खाली घाला, हे जे आम्हाला अजून पाजलं जातं, त्यानेच त्याचं वाटोळं केलं.

ओढ्याला पाणी आलं. भिंत उभी राहिली, पण वळलेल्या भागाखालून सगळं पाणी निघून गेलं. पंच बसले. पाटीलही त्यांच्यातच बसला. करार सरळ भिंतीचा असताना तू वाकडी का बांधलीस, असं विचारल्यावर मालूने पाटलाकडे पाहिलं. पाटील सुपारी कातरत म्हणाला की मी असलं काही बोललोच नाही. बाकीच्यांना आमराई काय दिसत नव्हती? सगळं ठाऊक असून एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांनी ते देवीवर ढकललं आणि मालूला दिव्य करायला सांगितलं. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला तर माणूस खोटा.

मालूने येमाईपुढे उजवा हात कढईत घातला आणि तुकडा काढला. पंचांनी हातावर कापड बांधून मोहर केली. ठरल्या दिवशी कापड सोडलं, तर हातावर एक फोड नव्हता म्हणे. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पंच देवळामागे जाऊन कुजबुजले आणि परत येऊन म्हणाले, याने हाताला पाला चोळला असणार, शिवाय तेल नीट तापलं नव्हतं. आता डावा हात घाल.

तेव्हा चिमा पुढे आली. पंचांसमोर बाईने बोलायची पद्धत नव्हती.

“देवीनं सांगितलेलं तुमाला पटंना,” ती म्हणाली. “मग आता इचारताय कुणाला?”

“बाई, हे बांधकामाचं आहे,” पाटील म्हणाला. “तू आपली चूल बघ जा.”

“चूल तुमच्याच माळावर हाय, पाटील. तीच मोडायला बसलाय न्हवं?”

कुणीतरी तिला बाजूला ओढलं. या वेळी तेल पाटलाच्या माणसांनी तापवलं. डावा हात कायमचा गेला. पंच हळहळले, आणि हळहळतच त्यांनी माळ काढून घेतला, भिंतीचा दोष मालूच्या माथी मारला. मालू कुटुंबासह गाव सोडून गेला. पुढे पाटलाने दुसरे गवंडी आणले, चुना ओतला, शिसं ओतलं. वळणापुढची भिंत काही कोरडी झाली नाही.

हे सगळं स्वतःच सांगून आमचे वडीलधारे शेवटी म्हणतात, दुसऱ्या खेपेला देवीने कौल दिला नाही, म्हणजे मालूच खोटा. मला किळस येते ती इथे. पाटील एकदा खोटं बोलून मेला. हे लोक तेच खोटं पिढ्यान्‌पिढ्या गिळून वर ढेकर देतात.

आजही गावात कुणी घर बांधायला काढलं की पाया खणण्याआधी येमाईपुढे तेलाची कढई ठेवतात. तेल आता थंड असतं. ठेकेदार स्टँप पेपरवर सही करून आलेला असतो, तरी त्याला बाही वर करून हात बुडवायला लावतात, फोटो काढतात, पेढे वाटतात. मालक शेजारी इस्त्रीच्या कपड्यांत उभा असतो. मागे एका ठेकेदाराने हसत हसत मालकालाही हात घालायला सांगितलं. पायरीवरचे सगळे म्हातारे एकदम म्हणाले, आपल्यात तशी पद्धत नाही.