उथळ काठाचा पक्ष

सागाच्या एका जंगलात एक खार राहत असे. तिला सतत प्रश्न पडत, आणि एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत तिला कुठलेही फळ गोड लागत नसे. त्या जंगलात एकच तळे होते. बाकी सगळीकडे त्याच्या कडा खोल आणि निसरड्या. फक्त उगवतीच्या अंगाला थोडासा उथळ काठ. ससे, उंदीर, खारी यांना न बुडता पाणी पिता येईल अशी तेवढीच जागा होती. रानरेडे मात्र नेमके तिथेच उतरत, तासन्‌तास लोळत आणि मागे नुसता चिखल ठेवून जात. एवढे मोठे तळे सोडून यांना तीच जागा का लागते, असे विचारायची कुणाची छाती होत नसे.

थंडी सरून चिंचा पिकल्या की जंगलाची निवडणूक होई. प्रत्येक पक्ष चिंचेखाली आपला खड्डा खणी आणि प्रत्येक प्राणी हव्या त्या खड्ड्यात एक चिंचोका टाकी. रानरेड्यांचा खड्डा भरून वाहायचा, रानडुकरांचा त्याच्या खालोखाल. तिसरा खड्डा एका म्हाताऱ्या कासवाचा. त्याच्या पक्षाची मागणी एकच होती : उथळ काठ लहान प्राण्यांना सोडा. त्या खड्ड्याचा तळसुद्धा कधी झाकला गेला नाही.

"कासवबुवा, कशाला खणायचा त्रास घेता?" रानडुकरे हसत. "तुमचे चिंचोके तुमच्या पाठीवर मावतील."

खारीला नवल वाटे. एकदा तिने कासवाला गाठलेच. "आजोबा, हरायचंच आहे तर उभं कशाला राहता?"

"मी विचारायला उभा राहतो गं," कासव म्हणाले. "भरसभेत रेड्यांना विचारतो, काठ कधी सोडणार? सगळ्यांच्या देखत त्यांना काहीतरी बोलावं लागतं."

"आणि बोलून काय होतं?"

"ते तू बघ. डोळे आहेत ना तुला?"

खार बघू लागली. पहिल्या वर्षी तिला दिसले की निवडणूक तोंडावर आली तसे रेडे मावळतीकडून पाण्यात उतरू लागले, आणि चिंचोके मोजून होताच पुन्हा उथळ काठावर आले. पुढच्या वर्षी ते होळीपर्यंत तिकडे राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी चैत्र सरेपर्यंत. "आमच्या मनाचा मोठेपणा," असे रेडे सगळ्यांना सांगत. कासवाचे नाव कुणीही घेत नसे, आणि कासव दर वर्षी हरत असे. पण खारीची पिल्ले आता भर उन्हात उथळ काठावर जाऊन स्वच्छ पाणी पिऊ लागली होती.

पुढे कासव थकले. पक्ष एका सशाकडे आला. ससा बोलायला मोठा पटाईत, आणि त्याच वर्षी नशीबही फळफळले. रेडे आणि डुकरे अगदी बरोबरीत अडकली. तिसऱ्या खड्ड्यातले मूठभर चिंचोके ज्याला मिळतील त्याचे राज्य, अशी वेळ आली. सूर्य मावळायच्या आत रेड्यांचा कारभार पाहणारा कोल्हा सशाच्या बिळाशी हजर.

"ससेभाऊ, किती दिवस हरत राहणार? राज्यकर्त्यांच्या कातळावर या, आमच्या शेजारी बसा. तळ्याचं खातं तुमचं."

"आणि उथळ काठ?" सशाने विचारले.

"अख्खं तळंच तुमचं म्हटल्यावर काठ वेगळा कशाला मागता?"

सशाला ते पटले. त्याने आपले सगळे चिंचोके रेड्यांच्या खड्ड्यात ओतले आणि कातळावर जाऊन बसला. लहान प्राणी आनंदाने नाचले. खारही नाचली. आपला पक्ष जिंकल्यावर कसे असते, हे तिला बघायचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिल्लांना घेऊन काठावर गेली, तर रेडे तिथेच लोळत पडलेले. ती तडक कातळापाशी गेली.

"ससेभाऊ, रेडे काठावर आहेत."

"माहीत आहे मला," ससा दबक्या आवाजात म्हणाला. "सत्तेत असताना असं चारचौघांत बोलायचं नसतं. योग्य वेळी मी विषय काढतो."

योग्य वेळ काही येईना. उंदीर रेड्यांकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तर रेडे रवंथ करत म्हणाले, "तळ्याचं खातं सशाकडे आहे." डुकरांकडे गेले, तर ती म्हणाली, "तुमचाच मंत्री आहे की वर, आमच्याकडे काय मागता?" वैशाखात उथळ काठाचा नुसता चिखल झाला. खारीचे धाकटे पिल्लू तहानेने खोल कडेवर गेले आणि पाय घसरून पाण्यात पडले. तिने त्याला शेपटीला धरून कसेबसे वर ओढले. त्याला चाटून कोरडे करताना तिच्या मनात एकच प्रश्न घुमत होता. हरत होतो तेव्हा पाणी मिळत होतं, मग जिंकल्यावर का मिळत नाही?

तिला फळ गोड लागेना. शेवटी ती एका म्हाताऱ्या रेड्याकडे गेली. तो आता कुठल्याच खड्ड्याच्या भानगडीत नव्हता, म्हणून खरे बोलत असे.

"रेडेबाबा, पूर्वी तुम्ही काठ का सोडत होता?"

"तेव्हा तुमचे चिंचोके कुठं जाऊन पडतील याचा नेम नव्हता, पोरी," रेडा म्हणाला. "डुकरांकडे गेले तर काय, अशी धास्ती असायची. आता ते आमच्याच खड्ड्यात आहेत. स्वतःच्या खड्ड्याला कोण भिणार?"

पुन्हा चिंचा पिकल्या. सशाचा खड्डा पाचोळ्याने भरलेला होता. त्यात टाकायला कुणी चिंचोका आणला नव्हता. आता सशाकडे द्यायला काही उरले नाही, हे कोल्ह्याला केव्हाच कळले होते. त्याने सशाला कातळावरून खाली उतरायला सांगितले, तेही दुसरीकडे बघत. खार तोंडात चिंचोका धरून आली. तिने तो खाली ठेवला आणि पुढच्या पायांनी पाचोळा उपसू लागली.

"खारताई, वाया जाईल चिंचोका," कोल्हा म्हणाला. "त्या खड्ड्याला आता कुणी वाली नाही."

"मी उभी आहे," असे म्हणून तिने चिंचोका खड्ड्यात टाकला. मग ती सगळ्या सभेसमोर रेड्यांच्या म्होरक्याकडे वळली. "काठ कधी सोडणार?"

रेड्याचे रवंथ थांबले. सभेतले उंदीर कान टवकारून त्याच्याकडे बघत होते. डुकरेही बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक आली होती.

"बघू," रेडा म्हणाला.

खाली मान घालून ससा पुढे आला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच भाषण न करता आपला चिंचोका खारीच्या खड्ड्यात टाकला.

त्या वर्षी खार हरली. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी रेडे पाण्यावर आले, तेव्हा पुढचा रेडा उथळ काठापाशी थबकला. त्याने एकदा मागे वळून चिंचेकडे पाहिले आणि तो मावळतीच्या बाजूने पाण्यात उतरला.

तात्पर्य : लहान पक्ष हरल्याने संपत नाही, ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच शेजारी गप्प बसल्याने संपतो.