चिमाक्काची घागर

थंडी पडणार हे माणसाच्या आधी कुणाला कळतं, सांगा बघू? वेलीला कळतं. हिंगणदऱ्याच्या चिमाक्काला हे ठाऊक होतं.

फार मागच्या काळातली ही गोष्ट. सारं गाव नागवेलीच्या पानमळ्यांवर जगायचं. चिमाक्काचा मळा सगळ्यांत वरच्या अंगाला, आणि घरात तिच्याखेरीज कुणी नाही. दिवस दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. सांजेला ती एक पान गालाला लावायची. पान ताठ लागलं तर स्वस्थ झोपायची. कड आत वळून देठ सैल पडलेला असला, की पहाटे दहिवर गोठणार हे ओळखायची. वेली तिच्याशीच तेवढ्या बोलायच्या, असं म्हणतात.

एका पौषात तिनं गावाला हाक दिली. लोकांनी शेकोट्या पेटवल्या, विहिरीचं कोमट पाणी मळ्यांना दिलं. पण मध्येच वारा सुटला आणि थंडी पांगली.

"चिमाक्का, तुझ्या पानांना पडसं झालंय. काढा पाज त्यांना," गावातले वडीलधारे हैबतीबाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

"पाजते हो," ती म्हणाली आणि खाली मान घालून घरी गेली.

चारच दिवसांनी पानं पुन्हा वळली. चिमाक्का दारोदार फिरली. "एवढ्या वेळेला चला. वेल करपली तर दोन वर्षं पान मिळायचं नाही."

"पुन्हा फजिती नको, अक्का. जा, नीज जा."

एकेक दार लागलं. मग ती एकटीच निघाली. गार हवा खोलगट जागी साचते, म्हणून तिनं खालच्या मळ्यांपासून सुरुवात केली. वेलींच्या मुळाशी पाणी ओतलं, ओला पाचोळा पेटवून धूर धरला. तिची घागर रितीच होईना, आणि धूर गोधडीसारखा खालच्या साऱ्या मळ्यांवर पसरला, असं म्हणतात. तिच्या स्वतःच्या बांधाशी आल्यावर मात्र घागर कोरडी पडली.

आजही हिंगणदऱ्यात पौषातली पहिली घागर कुणी आपल्या वेलीला घालत नाही, जो तो शेजाऱ्याच्या वेलीला घालतो. थंडीची हाक आली की घरटी एक माणूस जातंच, आणि हाक खोटी ठरली तरी कुणी हसत नाही.

त्या पहाटेनंतर सकाळी गाव उठलं, तेव्हा सगळे मळे हिरवे होते. चिमाक्काचा तेवढा काळा पडला होता, आणि ती तिथं नव्हती. पुन्हा ती कुणाला दिसलीही नाही.