गुडघ्याएवढी रास

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पगार धान्यात मिळायचा. एका डोंगराळ राज्यात सुगी संपली की राजाचे चाकर अंगणात उभे राहत आणि प्रत्येकाच्या पायाशी धान्याची रास ओतली जाई. नव्या माणसाची रास घोट्याएवढी असे. काम जमत जाई तशी ती दर वर्षी थोडी उंच होई.

पण तिला हद्द होती. हाताने काम करणाऱ्याची रास त्याच्या गुडघ्यापर्यंतच. कचेरीत लोडाला टेकून बसणाऱ्यांची मात्र कमरेपर्यंत जाई. कचेरीत बसायचं असेल, तर आपलं हत्यार खजिनदाराकडे जमा करायचं आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. चुन्याने माखलेले हात दरबारात शोभत नाहीत, असं कुण्या शहाण्याने ठरवून ठेवलं होतं. ते कुणी ठरवलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळत मात्र सगळे होते.

त्या राज्यात एक स्थपती होता. नदीवरचा मोठा पूल त्यानेच बांधला होता. तो खांबावर नुसता तळवा ठेवायचा आणि आत कुठला दगड हलला आहे ते सांगायचा. त्याची रास तरुणपणीच गुडघ्याला लागली आणि तिथेच थांबली. पुढे घरात मुलं वाढली, म्हातारे आईवडील अंथरुणाला खिळले, रास मात्र तेवढीच.

त्याच्या शेजारी दुसरा एक स्थपती राहायचा. त्याने बांधलेल्या भिंती जरा वाकड्याच असत. तो लवकर शहाणा झाला आणि कचेरीत जाऊन बसला.

एका सुगीला स्थपतीची बायको म्हणाली, "अहो, शेजारच्यांनी यंदा दुसरं कोठार बांधलं. आपलं एक आहे, ते होळीलाच रिकामं होतं."

"मला पूल बांधता येतो गं, कचेरी नाही चालवता येत."

"त्यांना तरी कुठे येते? मी तुम्हाला दोष देत नाही. पण पोरांना काय सांगू?"

स्थपती खजिनदाराकडे गेला. "साहेब, माझं काम वाढलंय. रास थोडी वाढवाल का?"

"अहो, गुडघा म्हणजे गुडघा," खजिनदार म्हणाला. "तुमच्यासाठी वाढवली तर उद्या गवंडी रांग लावतील. जास्त हवं असेल, तर कचेरीत जागा आहे. ओळंबा द्या आणि बसा."

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. बांधकाम सरळ उभं आहे की नाही, ते त्याने कळतं. स्थपतीने तो खिशातून काढला, क्षणभर मुठीत धरला आणि देऊन टाकला. त्याला लोभी म्हणू नका. घरी भुकेली तोंडं असती, तर तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

घरात सुख आलं. आईवडिलांना औषधपाणी मिळालं, बायकोच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. स्थपती लोडाला टेकून हुकमांवर शिक्के मारू लागला. सुरुवातीला त्याला फार चुकल्यासारखं वाटे, मग वाटेनासं झालं. त्याच्यामागून हातात कसब असलेला प्रत्येक जण रास गुडघ्याला लागली, की कचेरीत येऊन बसू लागला. नदीवर फक्त घोट्याएवढ्या राशीचे नवखे उरले.

बरीच वर्षं गेली. एका पावसाळ्यानंतर पुलाच्या मधल्या खांबाला चीर दिसली. नवखे घाबरले. जत्रा तोंडावर आली होती. हजारो माणसं त्या पुलावरून जाणार होती.

राजाने स्थपतीला बोलावलं. "पूल तुम्ही बांधलात. आज रिवाज बाजूला ठेवा, खांब बघा आणि सांगा. माणसं सोडू का?"

स्थपती पाण्यात उतरला. खजिनदाराकडून परत आणलेला ओळंबा त्याने सोडला, पण तो काय सांगतोय ते त्याला उमगेना. मग त्याने खांबावर तळवा ठेवला. ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. दगड गार लागत होता, एवढंच त्याला कळलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "महाराज, मला नाही सांगता येत. पूर्वी आलं असतं."

कचेरीतल्या बाकीच्यांनाही सांगता आलं नाही. माणसांच्या जिवाशी खेळ नको म्हणून राजाने पूल उतरवायला लावला. एकेक दगड निघत वरचा सगळा पूल उतरला आणि मधला खांब उघडा पडला, तेव्हा कुठे आतली जोडणी दिसली. ती पक्की होती. चीर फक्त वरच्या गिलाव्यात होती, दोन घमेली चुन्याने बुजली असती. स्थपती काठावर उभा राहून आपल्या धडधाकट पुलाचे उतरलेले दगड बघत राहिला आणि लहान मुलासारखा रडला.

राजाने त्याच दिवशी गुडघ्याची हद्द मोडली. ज्याचं काम उंच, त्याची रास उंच, मग तो कचेरीत बसो की पाण्यात उभा राहो. स्थपती लोड सोडून नवख्यांबरोबर पुन्हा चुना कालवू लागला. पण तसा पूल बांधणारे हात तयार व्हायला एक पिढी गेली. तोवर लोक होडीने नदी पार करत होते आणि पुरात होड्या बुडतही होत्या.

तात्पर्य : चार घास जास्त मिळवण्यासाठी ज्याला आपलं कसब खाली ठेवावं लागतं, त्याचं कसब त्यालाही उरत नाही आणि राज्यालाही.