गोगलगायीचा मोर

मोबाइल यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तेव्हा चित्राला अंगठा दाखवायची सोय नव्हती. सरड्यानं मान डोलावली की चित्र पास.

चंद्री गोगलगाय विहिरीच्या काळ्या कठड्यावर आपल्या चिकट रेघेनं मोर काढत होती. हात नाहीत, पण ऐट भारी. ऊन चढायच्या आत मोर पुरा करायचा होता, कारण उन्हात तिला शंखात शिरावंच लागायचं.

पहिलं पीस झालं आणि कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सरड्यानं मान डोलावली. चंद्री हरखली. मग प्रत्येक पिसानंतर ती मोरावरून सरपटत सरड्याकडे जायची, "बघितलंस का रे?" विचारायची आणि तशीच परत यायची. पोटावर चालणाऱ्या बयेला, आपण जाऊ तिथं रेघ पडते एवढंही कळू नये?

ऊन आलं. विहिरीतला बेडूक वर येऊन म्हणाला, "चंद्रे, बटाटा झकास जमलाय."

ती सरड्यावर भडकली. "मग तू मान कशाला डोलावत होतास?"

"मी माशी बघूनही डोलावतो, बाई. माझी मानच तशी."

चंद्री ओशाळून शंखात शिरली. थोड्या वेळानं हळूच डोकं बाहेर आलं.

"पण माशीपेक्षा मला जरा जास्त डोलावलीस ना?"