मखमली खोळ

घरोघरी संगीतयंत्रांची नवलाई होती त्या काळी टिपणीसांच्या दिवाणखान्यात एक वयोवृद्ध स्पीकर राहत असे. गाणे अगदीच निर्जीव वाजते, म्हणून त्याला भंगारात द्यायचे ठरले होते.

“माझा आवाज दणदणीत आहे, आजोबा. तुमच्याच घशात अडकतो!” नवा अॅम्प्लिफायर फणकारला.

“बाळ, माझ्या तोंडावर टिपणीसवहिनींनी भरतकामाची जाड खोळ घातली आहे,” स्पीकर अजिजीने म्हणाला.

भंगारवाला आला. “चालतो का, ते दाखवा,” म्हणाला. वहिनींनी खोळ काढून तबकडी लावली, तोच तबला असा कडाडला की टिपणीस खुर्चीतून उठून उभेच राहिले.

“हा द्यायचा नाही!” ते ओरडले. स्पीकरच्या जिवात जीव आला.

“इतका गुणी, आणि त्याला उघडा ठेवायचा?” असे म्हणून वहिनींनी मोठ्या कौतुकाने दुहेरी मखमलीची नवी खोळ शिवायला घेतली.