एकेरी पेड

ही गोष्ट एकोणीसशे सदतीस सालची. त्या वर्षी आश्विनात ज्वारीच्या पेरण्या उरकल्या आणि नथनेलबुवा चिंचसावळीला आले. मुळा नदीच्या काठी वीस-बावीस ख्रिस्ती घरं, मातीच्या भिंतींचं प्रार्थनामंदिर आणि त्याच्या अंगणात एक खोल, बिनपायऱ्यांचा आड, एवढीच ती मंडळी. बुवा दीक्षा घेतलेले पाळक होते, तरी पाळकाचा झगा त्यांच्या अंगावर कुणी कधी पाहिला नाही. खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या आणि प्रभूचं नाव घेताना भरून येणारा गळा. ते गावात आले की वर्षभर न बोलणाऱ्या जावा एका जात्यावर दळायला बसत, असा त्यांचा लौकिक होता.

त्या वस्तीत रिबका नावाची विधवा राहत असे. दोर वळणं हा तिच्या सासरचा धंदा. केकताडाची लांब पानं नदीच्या डोहात कुजत घालायची, मग ती धोपटून त्यांतला पांढरा वाख काढायचा, वाखाचे पेड वळायचे आणि तीन पेडांचा एक दोर करायचा. कुजवण्यालाही माप असे. आठ दिवस झाले की भारे बाहेर काढायचे. जास्त राहिले तर वाख काळा पडतो आणि आतून मरतो.

बुवा येण्याआधी, त्या उन्हाळ्यात रिबका बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच अडकली. परत येऊन पाहते तो वाख काळवंडलेला! इकडे मंडळीचे आमोस पंच दोरासाठी दारात उभे. आडाचा गाळ काढायचा दिवस ठरला होता. रिबकानं काळा वाख पेडांच्या पोटात घातला, वरून पांढरा फिरवला आणि दोर पोचता केला.

त्या दोरावर आडात उतरला हनोख. गाळ काढावा त्यानं, पोहावं त्यानं. गावात दुसरा तसा नव्हता. तो निम्म्यावर गेला आणि दोर तुटला. जीव वाचला, पण डावा पाय मांडीत मोडला तो कायमचा वाकडा झाला. लोकांनी रहाटाला दोष दिला, सैतानाला दिला, नशिबाला दिला. रिबका गप्प राहिली. त्या दिवसापासून तिनं वाखाला हात लावला नाही. ती लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. त्यानंतर प्रभुभोजन दोनदा झालं. दोन्ही वेळा अंगात कसर आहे असं सांगून ती घरी पडून राहिली. प्रभूच्या मेजाशी बसायची तिला ओढ तर फार होती, पण ती भाकर आपल्या हातात कशी धरायची?

त्या मंडळीत एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दुपारी सगळ्यांनी मंदिरात जमायचं आणि एकेकानं उभं राहून आपली चूक सांगायची. त्या शनिवारी बुवा चटईवर डोळे मिटून बसले आणि माणसं बोलू लागली.

"मी जावेशी बोलले नाही, पण आधी तोंड तिनं फिरवलं."

"शेजाऱ्याचा बांध माझ्याकडून कोरला गेला, पण माझा बैलच तसला ओढाळ."

आमोस पंच उठले. खांद्यावरचं उपरणं सारखं करत म्हणाले, "माझ्याकडून काही उणं झालं असेल तर प्रभूनं पदरात घ्यावं. पण एवढ्या मंडळीचा कारभार एकट्या माणसानं पाहायचा म्हटल्यावर..."

बुवांनी डोळे उघडले. ते हसून म्हणाले, "आज पुष्कळ पापं ऐकली बाबांनो! जावेचं ऐकलं, बैलाचं ऐकलं, कारभाराचं ऐकलं. जो उभा राहिला त्याचं मात्र एकही ऐकलं नाही. प्रभू क्षमा करायला बसलाय. आता त्यानं बैलाला क्षमा करावी की काय?"

लोक हसले. रिबकाला मात्र हसू आलं नाही. कुणी ओढून उभं करावं तशी ती उठली.

"हनोखचा दोर मी वळला," ती म्हणाली. "आत कुजका वाख होता. मला ठाऊक होतं. मी घातला."

एवढंच बोलून ती खाली बसली.

पहिले बोलले ते आमोस पंच. "वा गं रिबके! चार महिने गिळून बसलीस आणि बुवा आल्यावर पुण्यवान झालीस होय? बोलून टाकलं की झालं? त्याचा पाय सरळ होणार का आता?"

"नाही होणार," बुवाच म्हणाले. "क्षमा मिळाली म्हणून मोडलेला पाय न मोडलेला होत नाही, पंच. ते ओझं तिला जन्मभर वागवायचंच आहे. फक्त आता ती एकटी वागवणार नाही."

सगळे हनोखकडे पाहू लागले. त्यानं कुबडीवर टेकलेली हनुवटी उचलली. मग म्हणाला, "काकू, आमच्या घरचं पाणी मी भरायचो. आता म्हातारी आई भरते."

"उद्यापासून मी भरीन," रिबका म्हणाली.

"मग झालं तर."

बुवांनी तिला जवळ बोलावलं. "घरात चांगला वाख आहे का, बाई?"

"आहे बुवा. वरून फिरवून उरलेला, पांढराशुभ्र. हात धजत नाही."

"आता धजेल. आडाला नवा दोर वळायला घे. सकाळपर्यंत होईल तेवढा आण आणि प्रभूच्या मेजापुढं ठेव."

घरी येऊन तिनं वाख उलगडला. बोटं विसरली नव्हती. पण एकटीच्या हातानं किती होणार? रविवारी सकाळी ती मंदिरात आली तेव्हा तिच्या खांद्यावर करंगळीएवढ्या जाडीचा एकच लांब पेड होता.

आमोस पंच मेजावरचा प्याला विसळण्यासाठी पाणी काढायला निघाले होते. बाजारातून आणलेला कोरा दोर त्यांच्या हातात होता. पेड पाहून ते थांबले. "एवढाच? ह्यानं करडू तरी बांधता येईल का? राहू दे बाई, तुझा दोर पुन्हा ह्या आडावर चढायचा नाही."

रिबका पेड खांद्यावरच ठेवून बाजूला सरली. पंच आडावरच्या फळीवर चढले. पावसाळ्यानं फळीवर शेवाळ धरलं होतं. पाय सटकला, आणि दोर-बादलीसकट पंच आत!

आरडाओरडा झाला. आड पाण्यानं भरला होता आणि पंचांना पोहता येत नव्हतं. एका हातानं कपारीतला दगड धरून ते कसेबसे तरंगत होते. घरून नाडा आणायला पोरं पळाली, पण तोवर तो हात टिकायचा नव्हता. पुरुषांनी उपरण्यांना उपरणी बांधून सोडली. ओली होताच गाठी सुटल्या. गावातला एकुलता एक पोहणारा कुबडी टेकून काठावर उभा होता.

"रिबका," बुवा म्हणाले, "तुझा पेड सोड."

ती मागं सरकली. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक? एकेरी पेडावर वजन आलं की तो उलटा फिरतो, पीळ सुटतो आणि वाख विखरून जातो. "नको बुवा! दुसरा माणूस नको माझ्या हातून!"

"कालचं पाप तू आपलं म्हणालीस. आजचा दोरही आपला म्हण. तू धर, मीही धरतो, आणि तिसरा धरणारा आहे."

तिनं पेड आडात सोडला. खालून पंच ओरडले, "तो नको! तिचा दोर नको! तुटेल तो!"

बुवा काठावर ओणवे झाले. "पंच, वरून सोडायचं काम प्रभूचं. ते त्यानं केलं. धरायचं काम तुमचं. तुमच्या वतीनं ते इथून कुणालाही करता येत नाही."

मग पंचांचा आवाज आला, आणि तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"हनोख! ऐकतोस का? त्या दिवशी तू मला म्हणाला होतास, दोर कुरकुरतोय. मी तुला हसलो. तुझा विश्वास कमी आहे म्हणालो. मी तुला उतरवलं. मी."

त्या बोलण्यात 'पण' आला नाही. काठावर हनोखनं कुबडी टाकली, जमिनीवर बसून धडधाकट पाय दगडाला लावला आणि पेडाला हात घातला. "धरा पंच!"

पंचांनी पेड काखेखालून घेऊन बांधला. सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली. रिबकाची नजर पेडावर खिळली होती. आता फिरेल, आता सुटेल! पण तो फिरला नाही. एवढा अंगापिंडानं भरलेला माणूस, वर भिजलेलं धोतर. आणि तिच्या तळहातांना तीन पेडांचा जाड नाडा ओढल्यासारखं वाटत होतं. वीतभर, हातभर, करत करत पंच काठावर आले आणि चिखलात आडवे झाले. धन्य ती कृपा!

लोक पंचांना पुसत होते. रिबकानं पेड गुंडाळायला उचलला, तर तो हातातल्या हातात गरगर उलटा फिरला, पीळ सुटला आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा तुटला. पंचांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

ते गुडघ्यांवर सरकत बुवांच्या पायांशी आले. बुवांनी पाय मागं घेतले. "इथं नव्हे, पंच."

तेव्हा ते हनोखपुढं वाकले आणि मग रिबकापुढं. पागोटं आडात राहिलं होतं. उघडं, पिकलेलं डोकं त्यांनी तिच्या पायांजवळच्या मातीवर टेकलं. "रिबकाबाई, तुमच्या दोराआड मी लपून बसलो होतो. तुम्ही बोललात तेव्हा मला बरंच वाटलं, की सगळा दोष तुमच्यावर गेला."

रिबका रडत होती. "उठा पंच. तुमचं ऐकून माझं कमी झालं नाही."

"होणारही नाही," बुवा म्हणाले. "ज्याचं त्याच्याजवळ. क्षमा मात्र दोघांना पुरून उरेल. चला, भाकर वाट पाहतेय."

त्या दिवशी रिबका मेजाशी बसली. भाकरीचं ताट तिच्या हातात दिलं ते शेजारी बसलेल्या हनोखनं.

नथनेलबुवा मंगळवारी पुढच्या गावी गेले. तीन वर्षांनी शेवगावच्या वाटेवर, एका बाभळीखाली प्रार्थना करताना त्यांनी देह ठेवला. रिबकानं आडाचा दोर पुरा केला आणि हनोखचं लग्न होऊन सून घरात येईपर्यंत, सहा वर्षं, त्यांचं पाणी भरलं. ती चांगली ऐंशीची होऊन गेली. हात शेवटपर्यंत वाखातच होते. हनोख मंदिराची घंटा वाजवू लागला. त्याच्या घंटेवर अख्खं गाव, हिंदू काय नि ख्रिस्ती काय, गुरं सोडत असे. शनिवारची सभा तिथं पुढंही भरत राहिली, पण ती लवकर आटपू लागली. माणसं थोडक्यात बोलत.

आमोस पंच आणखी बारा वर्षं जगले. भारे डोहात पडले की ते रोज काठावर जाऊन दिवस मोजत आणि आठव्या दिवशी रिबकाच्या दारात हजर होत. दर उन्हाळ्यात आडाचा गाळ काढायचा दिवस आला की दोरावर पहिल्यांदा ते स्वतः उतरत, मग इतरांना उतरू देत. कंबरेला दोर बांधून झाला की ते काठावर बसलेल्या हनोखला विचारत, "नीट ऐक रे. कुरकुरतोय का?"

हनोख दोराला कान लावून ऐके आणि म्हणे, "नाही पंच. उतरा."